वरच्या ग्राइनिंगचा ओळंबा

माणूस हा सृष्टीतला एकमेव प्राणी आहे, जो ताठ उभा राहतो आणि आपण ताठ उभे आहोत हे ज्याला न बघताही कळतं. धर्म, कायदा, शेती, संगीत हे सगळं त्यानंतरचं. कोर्बिनियान हासलबेक याचं हे मत फार जुनं होतं. जिल्ह्याच्या बांधकाम खात्यात, जिथे तो परवान्यांच्या टेबलावर नोकरीला होता, चर्चच्या पायऱ्यांवर आणि सोनेरी बैलाच्या खानावळीत त्याने ते वेळोवेळी मांडलंही होतं. एप्रिलमधल्या एका मंगळवारी तो दह्याच्या रिकाम्या डब्याचं झाकण उचलायला वाकला आणि तसाच राहिला.

डबा प्लास्टिकचा होता आणि झाकण ॲल्युमिनियमचं. ते डब्याला अर्धवट लटकत कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाणं कोर्बिनियानला सहन होण्यासारखं नव्हतं. कचरा वेगळा करताना जायबंदी झालेला माणूस हा एका अर्थी कर्तव्यावर असताना जायबंदी झालेला माणूस असतो, असं त्याने फरशीकडे तोंड करून बायकोला सांगितलं.

"खरंय," बुर्गी म्हणाली. "आता वर ये. सूप निवतंय."

"वर येता आलं असतं तर मी इथे ओणवा राहून भाषण दिलं असतं का?"

"तू कसाही राहून देतोस."

आता एरवी एखाद्याची पाठ धरली तर ती त्याची खाजगी बाब असते. कोर्बिनियानची पाठ सार्वजनिक होती. वरच्या ग्राइनिंगच्या चौकात दर काही वर्षांनी पहिल्या मेला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक प्रचंड खांब उभा करतात. बव्हेरियात असा खांब गावोगाव असतो, पण वरच्या ग्राइनिंगचा खांब हातांनी उभा होतो. खालच्या ग्राइनिंगने मागच्या खेपेला क्रेन आणली. त्या गावात लेक दिलेल्या घरांकडे वरच्या ग्राइनिंगमध्ये अजूनही जरा दयेने बघतात.

हातांनी उभा करायचा म्हणजे गावचे गडी टोकाला दोरीने बांधलेल्या लांब काठ्यांच्या जोड्यांनी तो तोलत तोलत वर रेटतात. रेटणाऱ्याला काही दिसत नसतं. नाकासमोर पुढच्याची पाठ आणि डोक्यावर ते धूड. त्यामुळे 'रेटा', 'थांबा', 'डावीकडे' आणि शेवटी 'सरळ!' असं सांगणारा एक माणूस समोर लागतो. हा मान गेले पाच खांब कोर्बिनियानकडे होता. यंत्र नाही, दोरी नाही, गवंड्याचा ओळंबा नाही. तो खानावळीसमोर उभा राहायचा, डोळे मिटायचा, पाठीचा कणा मनाने चाचपून स्वतःला सरळ करायचा, मग एक डोळा उघडायचा आणि खांब स्वतःशी ताडून पाहायचा.

"लोक ओळंबा वापरतात," तो म्हणे. "मी ओळंबा आहे."

पाठ धरल्याची बातमी दुपारपर्यंत लॉइब्लकडे पोचली. लॉइब्ल हा खांब मंडळाचा अध्यक्ष. त्याची ड्रायव्हिंग स्कूल होती आणि गेल्या नाताळात त्याने स्वतःलाच एक लेसर भेट दिला होता. तो खिशातून काढून खानावळीच्या भिंतीवर लाल रेघ पाडायची आणि मालकिणीचे फोटो किती वाकडे आहेत ते सांगायचं, हा त्याचा हिवाळ्यातला विरंगुळा.

"कोर्बी, पाठ कशी आहे?" त्याने फोनवर विचारलं.

"उत्तम." कोर्बिनियान त्या वेळी स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा होता.

"नाही, जमणार नसेल तर सांग बाबा. माझ्याकडे ते लेसरचं आहेच. बटण दाबलं की झालं."

"बटण दाबून सरळ झालेल्या खांबाला खालचं ग्राइनिंग म्हणतात," कोर्बिनियान म्हणाला आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे बुर्गीने ठेवला. त्याचा हात तिथवर पोचत नव्हता.

शेजारच्या पॉइंटनरबाई संध्याकाळी मार्मोटच्या चरबीचं मलम घेऊन आल्या. मार्मोट ही डोंगरातली एक गलेलठ्ठ घूस. ती आयुष्यभर बिळात अंग दुमडून झोपते आणि तरी तिची पाठ धरत नाही, असा बाईंचा शास्त्रीय पुरावा होता. त्यांच्या कैलासवासी यजमानांना तिन्ही त्रिकाळ हेच मलम लागायचं.

"आणि त्यांना गुण आला?" कोर्बिनियानने विचारलं.

"पाठीचं दुखणं शेवटपर्यंत नव्हतं हो त्यांना. गेले ते हृदयाने."

मलमाला असा वास होता की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासायच्या आधी खिडकी उघडली. मग पाठीला धातूच्या पट्ट्या असलेला कमरपट्टा त्यांनी लिहून दिला. तो मिळवायला आरोग्य विम्याची मंजुरी हवी होती.

"पट्टा कधीपर्यंत लागेल?" विम्याच्या कचेरीतल्या बाईंनी फोनवर विचारलं.

"साधारण मे अखेर."

"मंजुरी जूनमध्ये होईल."

"मग मी तोवर काय घालू?"

"तोवर आपण प्रतीक्षा करावी."

हे वाक्य कोर्बिनियानने स्वतः गॅरेज आणि गच्च्या बांधू पाहणाऱ्या अनेकांना ऐकवलं होतं. ते या बाजूने त्याच्या कानावर प्रथमच पडत होतं. त्याला राग आला नाही. उलट, वाक्य किती निर्दोष आहे, त्यात बोट ठेवायला कुठेही फट कशी नाही, हे पाहून त्याचा ऊर भरून आला. त्याने बाईंचे मनापासून आभार मानले आणि पट्टा पदरच्या पैशाने घेतला.

दुकानातल्या मुलीने त्याच्या पोटाचा घेर मोजला आणि तो आकडा आतल्या खोलीतल्या मालकाला ओरडून सांगितला. मालकाने "किती?" म्हणून विचारलं. तिने पुन्हा सांगितला. पॉइंटनरबाई तेव्हा तिथेच पायमोजे बघत होत्या. त्या आकड्याचा पुढचा प्रवास सांगायची गरज नाही.

पण पट्टा चढवला आणि कोर्बिनियान बदलला. करड्या रंगाचा तो पट्टा मागून चार पोलादी पट्ट्यांनी आणि पुढून वेल्क्रोने माणसाला असा आवळायचा, की आतल्या माणसाला वाकण्याचा विचारही करता येऊ नये. आरशासमोर उभं राहून त्याने डोळे मिटले. कणा असा लख्ख कधीच जाणवला नव्हता. ओळंब्याला जणू पोलादी म्यान मिळालं होतं. कचेरीत तो जिन्याने वर आला तेव्हा गच्चीचा नकाशा घेऊन आलेल्या एका गृहस्थाने त्याला बघूनच अर्ज मागे घेतला. बढती मिळाली का, असं दोघांनी विचारलं. त्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही.

गैरसोय एवढीच की बसता येत नसे. बसलं की पट्ट्याची वरची कड बरगड्यांत घुसे आणि खालची भलतीकडेच. म्हणून तो कपाटावर ताटली ठेवून उभ्याने जेवू लागला. रविवारी चर्चमध्ये सगळे गुडघे टेकले तेव्हा तो एकटा खांबासारखा उभा. बसायचा एकदाच प्रयत्न केला, तेव्हा वेल्क्रो असा टर्रकन सुटला की फादर पवित्र मंत्राच्या मध्येच थांबले आणि त्यांनी वर छताकडे पाहिलं.

घरात त्याने भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायला घेतल्या. तो कचेरीत गेला की बुर्गी त्या परत होत्या तशा करायची.

"तू मागे झुकून चालतोस," ती म्हणाली.

"मी सरळ चालतोय. तुम्ही सगळे पुढे झुकलेले आहात. आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं."

"म्हणजे सगळं गाव वाकडं?"

"मी कोणाला दोष देत नाही, बुर्गी. त्यांना पट्टा नाही."

एक मे उजाडला. पट्ट्यावर सणाची चामड्याची अर्धी चड्डी काही केल्या बसेना. बुर्गीने मागची शिवण उसवून तिथे जुन्या पडद्याचं कापड लावलं आणि वरून जाकीट इतकं खाली ओढलं की कोर्बिनियानला आपलं शिल्लक आयुष्य तिच्या हाती आहे असं वाटलं. पण चौकात पोचल्यावर तो सगळं विसरला. बँड वाजत होता. गडी काठ्या घेऊन तयार होते. लॉइब्ल हात खिशात घालून उभा होता आणि खिशातून मधूनमधून लाल उजेड येत होता.

"तो बंद कर," कोर्बिनियान म्हणाला.

"कुठे काय? चुकून लागतं बटण."

मग दुपार टळेपर्यंत जे चाललं ते बघायला आसपासच्या गावांतून माणसं आली होती. "रेटा!" कोर्बिनियान ओरडायचा, आणि बँडच्या तुताऱ्या, ढोल, कुत्री, पोरं या सगळ्यांच्या वरून तो आवाज गड्यांपर्यंत जायचा. खांब हातभर वर. "थांबा!" काठ्या बदलल्या. "रेटा!" पुन्हा हातभर. अखेर खांब उभा झाला आणि गड्यांनी माना वळवून कोर्बिनियानकडे पाहिलं. चौक शांत झाला. त्याने डोळे मिटले. कणा चाचपला. पोलाद चाचपलं. एक डोळा उघडला.

"थोडा डावीकडे. अजून. अजून, घाबरता काय! अजून एक बोट. थांबा!" त्याने छाती भरून श्वास घेतला, म्हणजे पट्ट्याने घेऊ दिला तेवढा. "सरळ!"

बुंध्याशी पाचरी ठोकल्या, टोप्या उडाल्या, बँडने सलामी दिली. सगळे लांब बाकांवर बसून पांढरी सॉसेजं, मुळा आणि बिअर यांच्याकडे वळले. कोर्बिनियानला बसायचं नव्हतंच. तो बिअरचा पेला घेऊन खांबाच्या बुंध्याशी उभा राहिला आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलला नाही. लॉइब्ल तीनदा येऊन म्हणाला, "चल ना कोर्बी, आत चल, थंडी पडतेय." एकदा तर दोन गडी त्याला खांद्यावर उचलून न्यायला आले. या प्रेमाने तो गहिवरला, पण जागचा ढळला नाही. सेनापतीने रणांगण शेवटी सोडायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या ग्राइनिंगहून एक टोपली आली. तिच्यात ताजे प्रेत्झेल, म्हणजे तिकडचे पिळाचे खारे पाव होते आणि आणणाऱ्याने मोठ्या अदबीने निरोप सांगितला: "तुमच्या खांबाने आमच्या गावाकडे बघून असा वाकून नमस्कार केला, आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे भरून आले. एवढं कशाला करायचं!"

खांब कलला होता. थोडाथोडका नाही. चर्चच्या मनोऱ्याशेजारी तो एखाद्या कमी ऐकू येणाऱ्या पाहुण्यासारखा दिसत होता. खालच्या ग्राइनिंगच्या लोकांनी येऊन फोटो काढले. काहींनी खांबाइतकीच मान तिरकी करून काढले. आता त्याला हात लावणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि वरचं ग्राइनिंग आजवर खालच्या ग्राइनिंगसमोर काही कबूल करून बसलेलं नव्हतं. खांब तसाच राहिला. खानावळीत कोर्बिनियान शिरला की बोलणं थांबायचं आणि सगळे आपापल्या पेल्यात बघायचे. कोणीतरी हळूच पेला तिरका धरायचा.

त्यातच खालच्या ग्राइनिंगच्या सरपंचांनी बांधकाम खात्याला रीतसर विचारणा केली, की तिरप्या वास्तूला वेगळी परवानगी लागते का. हे प्रकरण ज्या टेबलावर यायचं त्याच टेबलावर आलं. कोर्बिनियानने ते नियमाप्रमाणे दाखल करून घेतलं आणि सरपंचांना प्रतीक्षा करायला सांगितलं.

"पुढच्या खांबाला लेसर," लॉइब्ल एका संध्याकाळी म्हणाला. तो हे हसून म्हणाला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

त्या रात्री कोर्बिनियान जेवला नाही, उभ्यानेसुद्धा. पाच खांब सरळ आणि सहावा वाकडा. मधे नवीन काय आलं होतं? पट्टा! त्याला डॉक्टरांच्या दालनातलं एक मासिक आठवलं. म्युनिकच्या एका विद्यापीठात म्हणे याच विषयावर प्रयोग चालले होते: पाठीच्या पट्ट्यामुळे माणसाला आपलं शरीर कुठे आणि कसं आहे याची जी जाण असते, तिच्यावर काय परिणाम होतो. त्यांना माणसं हवी होती.

"बघ," तो बुर्गीला म्हणाला, "पट्ट्याने माझी जाण बिघडवली. माणूस खरा, पट्टा खोटा. विद्यापीठाने एकदा तसं म्हटलं की मान माझ्याकडेच."

"आणि तसं नाही म्हटलं तर?"

"विद्यापीठ आहे ते. असं तसं म्हणणार नाही."

साक्षीदार म्हणून त्याने लॉइब्ललाच बरोबर घेतलं. गाडी लॉइब्लने चालवली, कारण कोर्बिनियानला मागच्या सीटवर आडवं पडूनच प्रवास करता येत होता.

प्रयोग घेणाऱ्या डॉ. टियाडेन उत्तरेच्या, समुद्राकडच्या. तिकडे जमीन सपाट असते आणि बोलणंही. कोर्बिनियानने त्यांना ताठ उभं राहणं आणि संस्कृती यांचा संबंध समजावून द्यायला सुरुवात केली.

"आपण बोलू नका, हासलबेकसाहेब," त्या म्हणाल्या. "पाठीला बोलू द्या."

त्याच्या पाठीवर छोटी यंत्रं चिकटवली, डोळ्यांवर पट्टी बांधली. पुढे वाका, थांबा, ही जागा लक्षात ठेवा, उभे राहा, आता बरोबर त्याच जागी परत या. मग कडेला झुकून तेच. मग नुसतं सरळ उभं राहणं. एकदा पट्टा घालून, एकदा काढून. कोर्बिनियानने प्रत्येक वेळी "हीच!" असं इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की शेजारच्या खोलीतून कोणीतरी दार लावून घेतलं. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या लॉइब्लने सगळा वेळ डोळे पडद्यावरच्या रेघांवर ठेवले होते.

"तर," डॉ. टियाडेन म्हणाल्या, "पट्ट्याचा परिणाम दिसतोय. स्पष्ट दिसतोय."

"ऐकलंस?" कोर्बिनियान लॉइब्लकडे वळला. पट्टी अजून डोळ्यांवर असल्यामुळे तो कपाटाकडे वळला.

"पट्टा कातडीला दाबतो," बाई सांगू लागल्या. "माणूस कलला की एका बाजूचा दाब वाढतो आणि कातडी ते मेंदूला कळवते. म्हणजे जादा खबर मिळते. ज्यांची मुळातली जाण चांगली असते त्यांना तिचा विशेष उपयोग नसतो. ज्यांची कमी असते त्यांना होतो."

"आणि मला?"

"तुम्हाला खूपच झाला. पट्टा घातल्यावर तुमची चूक निम्म्यावर आली."

कोर्बिनियानने डोळ्यांवरची पट्टी लगेच काढली नाही.

परतीच्या वाटेवर म्युनिक मागे पडलं. मागच्या सीटवर आडवा पडलेला कोर्बिनियान गाडीच्या छताशी बोलावं तसं म्हणाला, "मग आधीचे पाच खांब? पट्टा नव्हता, तरी सरळ होते. ते कसे?"

लॉइब्लने नाहक इंडिकेटर दिला आणि बंद केला.

"ते आम्ही करायचो."

"काय करायचो?"

"तू 'सरळ' म्हणायचास. मग तू आत जाऊन बसायचास, तुला मानाची पहिली बिअर मिळायची आणि तू भाषण सुरू करायचास. तेवढ्यात आम्ही पाचरी सैल करून खांब नीट करून घ्यायचो. दर खेपेला. माझ्या आधी जुने अध्यक्ष करायचे, त्यांनीच मला शिकवलं. या वर्षी तू आत जाईचनास. बसता येत नाही म्हणून बुंध्याशीच उभा! आम्ही किती विनवण्या केल्या. तुला उचलायलाही माणसं पाठवली. तू इंच हलशील तर शपथ. आणि अंधार पडल्यावर खांबाला कोण हात लावणार?"

"मला वाटलं, प्रेम."

"प्रेमच होतं ते, कोर्बी. पण पाचरीपण होत्या."

रस्त्याच्या कडेने पिवळी फुलं फुललेली शेतं मागे पळत होती. त्यातलं कोर्बिनियानला फक्त आकाश दिसत होतं.

"एवढी वर्षं माहीत होतं, तर मला ठेवलंत कशाला?"

"आवाज," लॉइब्ल लगेच म्हणाला. हे उत्तर सगळ्या मंडळाला पाठ असावं. "बँड वाजत असताना दुसऱ्या कोणाचा आवाज गड्यांपर्यंत जातच नाही. एकदा तू फ्लूने आजारी होतास, तेव्हा फादरना उभं करून तालीम घेतली. त्यांचा आवाज दुसऱ्या काठीपलीकडे गेला नाही. खांब लेसर सरळ करील रे. पण लेसरला ओरडता येतं का?"

कोर्बिनियानने यावर विचार केला. सरकारी माणसाला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदली होणं नवीन नसतं. प्रश्न फक्त एवढाच असतो की दर्जा तोच राहतो ना. गाव लागेपर्यंत त्याची खात्री झाली होती की राहतो, किंबहुना वाढतो. नजर काय, प्रत्येकाला असते.

"म्हणजे संपूर्ण गावात माझ्या तोडीचा नाही?" त्याने एकदा विचारून घेतलं.

"जिल्ह्यात नाही."

त्या संध्याकाळी सोनेरी बैलाच्या खानावळीत लॉइब्ल पेला हातात घेऊन उभा राहिला. "मंडळी, विद्यापीठाने तपासणी केली. पट्ट्याचा पाठीच्या जाणिवेवर परिणाम होतो, असं स्पष्ट निघालं. स्पष्ट! मी स्वतः ऐकलंय." हे अक्षरशः खरं होतं. परिणाम कोणत्या दिशेने होतो, हे कोणी विचारलं नाही. पॉइंटनरबाईंनी मात्र टाळ्या वाजवून सांगितलं की मलम लावलं असतं तर ही वेळच आली नसती. सगळं गाव कोर्बिनियानच्या भोवती गोळा झालं, कोणीतरी त्याला मानाची बिअर दिली आणि शास्त्राचा आधार मिळाल्यामुळे खांबाला हात लावायला आता कोणाचीच हरकत राहिली नाही. पट्ट्याने फसवलेल्या माणसाची चूक दुरुस्त करणं आणि चूक कबूल करणं यांत वरच्या ग्राइनिंगच्या मते फार मोठा फरक आहे.

शनिवारी गडी पुन्हा काठ्या घेऊन जमले. बँडही आला, कारण बँडशिवाय वरच्या ग्राइनिंगमध्ये खांबाला कोणी हात लावत नाही. खालच्या ग्राइनिंगचे लोक आधीच येऊन जागा धरून बसले होते. कोर्बिनियान पट्टा न घालता आला होता. मागच्या शिवणीतला पडद्याचा तुकडा तेवढा राहून गेला होता. लॉइब्लने त्याला हाताला धरून त्याच्या जागेवर नेलं आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन त्याचे खांदे नीट वळवून दिले, म्हणजे आवाज खानावळीच्या भिंतीवर आपटून थेट गड्यांपर्यंत जाईल. मग तो स्वतः लेसर घेऊन त्याच्या कानाशी उभा राहिला.

कोर्बिनियानने डोळे मिटले, कणा चाचपला, छाती भरून घेतली, आणि त्याने जी आरोळी ठोकली ती ऐकून खालच्या ग्राइनिंगच्या दोन कुत्र्यांनी घरचा रस्ता धरला. रेटा! थांबा! डावीकडे! बँडमधला तुतारीवाला पुढे सांगत होता की त्याला स्वतःची तुतारी ऐकू येईना. "सरळ!" अशी शेवटची आरोळी झाली तेव्हा चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो खालच्या ग्राइनिंगवाल्यांनासुद्धा आवरता आला नाही. खांब लेसरच्या रेघेला लागून ताठ उभा होता.

कोर्बिनियान सगळा वेळ खांबाकडे पाठ करून उभा होता.